दुसरी खेप

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400 032

विषय: गंभीर जखमींना एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरवण्याबाबत.



मी परिचारिका. 31 वर्षं नोकरी केली, त्यातली 18 कॅज्युअल्टीत. मुंबईच्या उपनगरातलं एक सार्वजनिक रुग्णालय. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी त्या एकाच रुग्णालयाची होते, दोन सिस्टरना आणि एका वॉर्डबॉयला मेमो मिळतो आणि फाइल बंद होते. मला फाइल बंद व्हायला नको आहे.

अपघाताचा विषय निघाला की लोक अ‍ॅम्ब्युलन्सवर घसरतात. वेळेवर येत नाही, आली तर ट्रॅफिकमध्ये अडकते, आत ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा. या तक्रारी खोट्या नाहीत. पण कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून मी पाहिलं ते थोडं वेगळं आहे. मुंबईत माणूस पडला की त्याला कोणी ना कोणी उचलतं. रिक्षात, टॅक्सीत, पोलिसांच्या गाडीत, टेम्पोत, एकदा तर दुधाच्या व्हॅनमध्ये क्रेटवर आडवा घालून आणलेला मी उतरवून घेतला आहे. पहिली खेप होते. कशीबशी होते, पण होते. माणूस हातचा जातो तो दुसऱ्या खेपेत, आणि त्या खेपेबद्दल कोणी बोलत नाही. तिला आमच्या भाषेत ‘रेफर’ म्हणतात.

2017 च्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ सांगते. दोन हमाल आणि रेल्वे पोलिसांचा एक हवालदार लोकलमधून पडलेल्या एका मुलाला घेऊन आले. पंचविशीचा असेल. खांद्याला डब्याची पिशवी तशीच अडकलेली, खिशात लॉक असलेला मोबाइल. नाव नाही, म्हणून केसपेपरवर ‘अननोन मेल’. उजव्या पायाचा गुडघ्याखाली चेंदा झालेला. हमालानं स्वतःचा गमछा मांडीला आवळला होता आणि त्याच्या गाठीत कंगवा घालून पीळ दिला होता. रक्त जवळजवळ थांबलेलं. असा पीळ किती वेळ आहे हे कळणं फार गरजेचं असतं, कारण तो जास्त वेळ राहिला तर पाय जातो. मी विचारलं, केव्हा बांधला? तो म्हणाला, “सिस्टर, बदलापूर फास्ट गेली ना, तेव्हाच.” स्टेशन मास्तरांकडून त्या गाडीची वेळ विचारून घेतली. सात वाजून चोवीस मिनिटं.

कॅज्युअल्टीत वेळा लिहायला मी लिकोप्लास्टची पट्टी वापरायची. गणवेशाच्या बाहीवर चिकटवायची आणि बॉलपेननं लिहीत जायचं. केसपेपर कोणाच्या हातात असेल याचा नेम नसतो, बाही आपलीच असते. त्या दिवशीची पट्टी मी नंतर डायरीत चिकटवली. ती आत्ता समोर आहे. 7.52 आला. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी, हाक मारली तर डोळे उघडत नाही. 8.10 ट्यूब. 8.15 दोन्ही हातांना सलाइन, पायाला दाबपट्टी, मानेला कॉलर. इथपर्यंत आमचं काम चोख झालं, हे मी अभिमानानं सांगते. भूलतज्ज्ञ मॅडम जेवणाच्या डब्यावरून उठून धावत आल्या होत्या. बाहुली पाहूनच सगळ्यांना कळलं होतं की डोक्यात रक्तस्राव आहे आणि याला मेंदूचा सर्जन लागणार. आमच्याकडे तो नव्हता. सीटी स्कॅनचं मशीन होतं, रात्री ते चालवायला माणूस नव्हता.

पट्टीवरची पुढची वेळ 9.35. निघालो.

8.15 ते 9.35 या 80 मिनिटांत काय झालं? ईपीआर, म्हणजे पोलिसी नोंदीचा, नंबर पडला. पायाचा एक्स-रे काढला, कारण एक्स-रेशिवाय रेफर केला तर तिकडचे ओरडतात. मोठ्या रुग्णालयाला फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, कोणी उचलला आणि ‘होल्ड करा’ म्हणून बाजूला ठेवला. तिसऱ्यांदा, “पाठवा, बघू.” कोण बोललं ते विचारायचं राहिलं. आमची अ‍ॅम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. 108 च्या अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केला, ती आली. मग सोबत कोण जाणार यावर थोडी हुज्जत, कारण जो जाईल त्याची जागा रात्रभर रिकामी. शेवटी एक इंटर्न आणि मी निघालो. हवालदारानं कागदावर सही घेतली. हमाल अजून तिथेच होते. त्यांना स्ट्रेचर परत हवं होतं. स्टेशनवर ते एकच होतं. गमछा मागितला नाही.

चालत्या गाडीत हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबणं म्हणजे काय, ते एकदा कोणा अधिकाऱ्यानं करून पाहावं. मनात आकडे मोजायचे, चार झाले की दाबायची. गतिरोधक आला की ट्यूब हलते, म्हणून इंटर्ननं ती दोन बोटांत धरून ठेवलेली. बिचारीला गाडी लागत होती, तरी तिनं बोटं सोडली नाहीत. समोरचा मोटरसायकलवाला हात वर करून गाड्या बाजूला काढत होता, आणि मागे एक मोठी गाडी सायरनच्या आडोशानं आपली वाट काढत होती. मुंबईत दोन्ही प्रकारची माणसं एकाच सिग्नलला भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ई नुसार अ‍ॅम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपये दंड आहे म्हणे. सायरनच्या मागे लागणाऱ्याला किती, ते मला माहीत नाही.

10.28 ला पोचलो. तिथे कोणालाच आमची खबर नव्हती. ट्रॉली रिकामी नव्हती. “फोन केला होता का?” केला होता. “कोणाशी बोललात?” इथे आम्ही गप्प. ट्यूब तपासली, सलाइन तपासलं, पायाची पट्टी सोडून पुन्हा बघितली, पुन्हा नाव-वय-पत्ता, पुन्हा ‘अननोन’. सीटीला नेला तेव्हा अकरा वाजून गेले होते. पडल्यापासून पावणेचार तास. ज्या स्टेशनवर तो पडला तिथून ते मोठं रुग्णालय, त्या वेळच्या रहदारीत धरलं तरी, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

मंत्रिमहोदय, यात वाईट माणूस कोण? मी पुष्कळ शोधला, मला सापडला नाही. तिकडच्या कॅज्युअल्टीत त्या रात्री जमिनीवर गाद्या टाकून पेशंट होते. ज्या निवासी डॉक्टरनं आमच्यावर आवाज चढवला, त्याचे डोळे सलग दुसऱ्या रात्रीचे दिसत होते. प्रत्येकानं आपापलं काम केलं. फक्त त्या मुलाला कुठे न्यायचं, हे ठरवणं कोणाच्याच कामात नव्हतं.

ही गोष्ट नवी नाही. कोर्टात तिचे जुने पुरावे आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा 1989 चा परमानंद कटारा खटला आम्हाला नर्सिंगमध्येही सांगतात: जखमीवर आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर. निकाल सगळ्यांना पाठ आहे, पण तो खटला ज्या घटनेवरून उभा राहिला ती कोणी सांगत नाही. एका स्कूटरस्वाराला गाडीनं उडवलं. कोणा भल्या माणसानं त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगितलं, आमच्याकडे मेडिको-लीगल केस घेत नाहीत, 20 किलोमीटरवर दुसरं रुग्णालय आहे तिकडे न्या. वाटेतच तो गेला. म्हणजे दुसरी खेपच.

दुसरा खटला पश्चिम बंगालचा, पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा, निकाल 1996 चा. 1992 च्या जुलैत एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार. आरोग्य केंद्रातून कोलकात्याला पाठवला. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चानं उपचार घेतले. न्यायालयानं त्याला 25,000 रुपये भरपाई दिली आणि राज्याला बजावलं, की सरकारी रुग्णालयांमध्ये मध्यवर्ती संपर्कयंत्रणा हवी, म्हणजे ज्या रुग्णालयात जागा आहे तिथेच जखमीला थेट पाठवता येईल. 1996! तेव्हा डॉक्टरांच्या कमरेला पेजर असायचा. आज आमच्या नाक्यावरची कोळीण सुरमईचे पैसे मोबाइलवर घेते आणि पैसे आल्याचं यंत्र तिला ओरडून सांगतं. पण गोवंडीच्या कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला सायनच्या रुग्णालयात आत्ता व्हेंटिलेटर रिकामा आहे का, हे सांगणारं यंत्र नाही. ती अजून फोनच लावते आहे.

मुंबईचा आकारही या खेपेच्या मुळाशी आहे. केईएम परळला, नायर मुंबई सेंट्रलला, जे.जे. भायखळ्याला, सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय शहराच्या वेशीवर. पश्चिम उपनगरात जुहूला कूपर. मेंदूचा, छातीचा, रक्तवाहिन्यांचा सर्जन रात्री-अपरात्री मिळायचा तो मुख्यतः या मोठ्या घरांत. आणि माणसं राहतात कुठे? मानखुर्दला, मुलुंडला, मालाडला, दहिसरला. रोज दक्षिणेकडे कामाला जायचं आणि जखमी झालं तरी दक्षिणेकडेच. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 माणसं गेली. पण जे जखमी होते त्यांना केईएम हाकेच्या अंतरावर होतं. हीच गर्दी एखाद्या लांबच्या उपनगरी पुलावर कोसळली असती तर? या शहरात कुठे पडता यावरही नशीब ठरतं.

आता आपल्या खात्याचं. 26 जानेवारी 2014 ला राज्यात 108 सुरू झाली तेव्हा मी नोकरीत होते. 937 गाड्या, त्यातल्या 233 व्हेंटिलेटरसकटच्या प्रगत आणि 704 साध्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. हे फार मोठं काम होतं, आणि माझ्यासारख्या कॅज्युअल्टीतल्या बाईला त्याचा फरक डोळ्यांनी दिसला. त्याआधी जखमी यायचे ते टॅक्सीच्या मागच्या सीटवर घडी घालून, मान एकीकडे लोंबकळत. 2014 नंतर निदान काही जण आडवे, कॉलर लावून यायला लागले. गाडीत डॉक्टर देणं ही चैन नव्हे, ती आपल्या राज्याची ताकद आहे. पण रिवाज जवळच्या सरकारी रुग्णालयात उतरवण्याचा. बाहुली मोठी झाल्याचं गाडीतल्या डॉक्टरला कळतं. न थांबता पुढे जाण्याचा अधिकार त्याच्या हातात कोणी दिलेला नाही, आणि पुढे नेला न् वाटेत काही झालं तर पाठीशी कोण उभं राहणार, हेही त्याला माहीत नाही. म्हणून तो जवळच्या दारात उतरवतो. मीही तेच केलं असतं.

लंडनमध्ये 2010 पासून ही गोष्ट ठरवून टाकली आहे. एवढ्या मोठ्या शहरात गंभीर जखमींसाठी चार मोठी केंद्रं नेमली. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याच्या हाती एक तक्ता दिला: शुद्ध किती, रक्तदाब किती, कुठल्या जागी कसली जखम. तक्त्यात बसला तर जवळचं रुग्णालय मागे टाकून 45 मिनिटांच्या आतल्या मोठ्या केंद्रात थेट न्यायचा. श्वासाचा रस्ता बंद असेल आणि तो उघडता येत नसेल तर जवळ थांबायचं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात तर गोळी किंवा सुरी लागलेल्याला पोलिसच आपल्या गाडीत टाकून नेतात, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट पाहत नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी हजारो पेशंटांचे कागद तपासून सांगितलं की अशा नेण्यानं जगणारे कमी होत नाहीत. हे वाचून मला हसू आलं, कारण आपले हवालदार हेच करत आले आहेत. फरक इतकाच, की त्या पोलिसाला कुठल्या दारात न्यायचं ते माहीत असतं.

याचा अर्थ सगळे जखमी उचलून केईएम-सायनला टाका असा कोणी काढू नये. तसं केलंत तर दोन दिवसांत ती रुग्णालयं बुडतील; आजच गळ्यापर्यंत पाणी आहे. मनगट मोडलेला, कपाळाला चार टाके लागणारा, तो उपनगरातच राहिला पाहिजे. शिवाय एक उलटी खेप सुरू करायला हवी, आणि ही माझी जुनी हौस आहे. मोठ्या रुग्णालयात ज्याचं ऑपरेशन झालं, धोका टळला, आता फक्त सहा आठवडे पाय टांगून पडायचं आहे, त्याला आमच्याकडे परत पाठवा. आमच्या ऑर्थो वॉर्डात खाटा रिकाम्या होतात, मी मोजल्या आहेत. नातेवाइकांनाही जवळ पडतं. पण आपल्याकडे पेशंट खालून वर जातो, वरून खाली येत नाही. खाली पाठवणं म्हणजे अपमान, असं का कोण जाणे सगळ्यांना वाटतं.

आणि ज्याला वाटेत थांबवणं भाग आहे त्याच्यासाठी नियम करा, की 20 मिनिटं. श्वास, रक्त, मान, सलाइन, छातीत हवा भरली असेल तर नळी, आणि निघा. माझ्या बाहीवरची पट्टी पाहा, ते आम्ही 23 मिनिटांत केलं होतं. एक्स-रे नको. ईपीआरसाठी थांबणं नको. पोलिसांचा कागद मागून येऊ दे, कटारा खटल्यानं तो केव्हाच मागे टाकला आहे. फोन असा हवा की ज्याच्या दुसऱ्या टोकाला नाव असलेला एक माणूस रात्रंदिवस बसला आहे, आणि त्यानं ‘हो’ म्हटलं की पुढचं दार उघडणं त्याचं काम. ते काम कोणाच्या टेबलावर द्यायचं हे मी सांगणार नाही. 108 च्या नियंत्रण कक्षात द्या, महापालिकेच्या 1916 वर द्या. फक्त दोन्हीकडे अर्धं-अर्धं देऊ नका. आधीच या शहरात 108, 112, 1916, रेल्वेचा 139 आणि रेल्वे पोलिसांचा 1512 आहे. पडलेल्याच्या जवळ उभा असलेला माणूस कुठला लावू म्हणून मोबाइलकडे बघत राहतो.

रेल्वेचं वेगळं लिहायलाच हवं. मुंबईच्या लोकलवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रूळ केंद्राचे, पोलिस राज्याचे, अ‍ॅम्ब्युलन्स आपल्या खात्याची, रुग्णालय पालिकेचं. उच्च न्यायालयानं कान उपटल्यावर स्टेशनांवर आपत्कालीन वैद्यकीय कक्ष आले, अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या राहिल्या, बरं झालं. पण 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन लोकलमधली 13 माणसं खाली पडली, तेव्हाही रुळांवरून त्यांना उचलणारे हात आधी सहप्रवाशांचे आणि रेल्वेच्या माणसांचेच असणार. दोन फाटकांच्या मधल्या रुळावर अ‍ॅम्ब्युलन्स जाऊच शकत नाही. तिथे माणसानं माणसाला उचलावं लागतं. हमालाच्या बिल्ल्यावर हे काम लिहिलेलं नाही, तरी तो ते करतो. पुलाच्या जिन्यावर चढताना डोकं पुढे, उतरताना पाय पुढे, हे मी प्रशिक्षणात शिकले. आमच्याकडे येणारे हमाल ते न शिकता करायचे. त्या कंगव्याच्या पिळाला इंग्रजीत टूर्निके म्हणतात आणि त्यासाठी कोर्स असतात. अशा माणसांना दोन दिवस बसवून नीट शिकवा, पट्टी द्या, कॉलर द्या, चांगलं स्ट्रेचर द्या, एक नव्हे, चार. त्या मुलाचा जीव वाचला असेल तर तो गमछ्यानं.

एक कबुलीही द्यायची आहे. नव्वदच्या दशकात, मी नवीन असताना, एक टॅक्सीवाला रस्त्यात पडलेल्या म्हाताऱ्याला घेऊन आला. मी त्याला दारातच अडवलं. “नाव, पत्ता, गाडीचा नंबर सांगा. हवालदार येईपर्यंत हलायचं नाही.” माझा आवाज चांगला खणखणीत आहे. त्याची मागची सीट रक्तानं भिजलेली, बाहेर दुसरा गाडीवाला हॉर्न देतोय. मी ट्रॉली आणायला वळले आणि तो पसार झाला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘आणणारा इसम पळून गेला’. पळून गेला! चोर असल्यासारखं. असे मी कितीतरी इसम पळवून लावले असतील. 2016 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला अडवायचं नाही असं स्पष्ट केलं, 2019 मध्ये ते मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ म्हणून आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, आणि हे रुग्णालयाच्या दारात लोकांच्या भाषेत लावायचं आहे. आता केंद्र सरकार जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला ‘राहवीर’ म्हणून 25,000 रुपयेही देतं. छान आहे. पण मला वाटतं, त्या टॅक्सीवाल्याला पैशांपेक्षा सीट धुवायला एक बादली पाणी आणि ‘जा बाबा’ एवढं म्हणणारी सिस्टर हवी होती. तो फलक आपल्या अखत्यारीतल्या किती दारांवर वाचता येईल इतका मोठा लावला आहे, हे एकदा न कळवता जाऊन पाहावं. आमच्याकडे तो अग्निशमनाच्या लाल बादल्यांमागे होता.

पैशांवरून आठवलं. 2025 च्या मे महिन्यात रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची विनारोकड योजना आली. सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात रस्त्यावर 15,224 माणसं गेली, त्यामुळे ती हवीच होती, आणि खासगी रुग्णालयांना ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणायला त्यामुळे जागा उरू नये. पण ती मोटार वाहनाच्या अपघातासाठी आहे. लोकलमधून पडलेला त्यात बसत नाही. हायवेवर पडला तर दीड लाख, रुळावर पडला तर या योजनेतून काही नाही. कवटी दोघांची सारखीच फुटते. मुंबईपुरतं तरी राज्यानं हे भरून काढावं.

आता शेवटचं मागणं, आणि बिनखर्चाचं. आम्ही पेशंट रेफर करतो, तो पुढे गेला की आमच्यासाठी संपला. त्याचं काय झालं हे परत कळवायची रीतच नाही. कळलं असतं तर आम्ही शिकलो असतो, की अमक्याला अर्धा तास आधी सोडायला हवा होता, तमक्याला सोडायलाच नको होता. 18 वर्षांत मी शेकडो माणसं त्या दारातून पाठवली आणि मला त्यांतल्या चार-पाचांचं कळलं, तेही कारण त्यांचे नातेवाईक पेढे घेऊन आले म्हणून. ज्यांच्याकडे पेढे आणायला कोणी उरलं नाही, त्यांचं काही कळलं नाही. तेव्हा रेफरच्या कागदाला खाली एक तुकडा जोडा, फाडून परत पाठवायचा. त्यावर तीन ओळी पुरतील: केव्हा पोचला, काय केलं, कसा आहे.

तो मुलगा, डब्याची पिशवीवाला, त्याचं मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं होतं. ‘अननोन’ म्हणून शोधलं, त्या नावाचे त्या रात्री तिथे तीन जण होते. तो जगला का, हे मला आजवर कळलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मुंबई